पहिली टाळी

वॉरेन लिंडक्विस्टला आयुष्यात एकच गोष्ट फार सुरेख जमत असे. टाळी कधी वाजवायची, हे त्याला बरोबर कळे. कुणी याला हसेल, पण वॉशिंग्टनमध्ये ज्यांनी दिवस काढले आहेत ते हसणार नाहीत. त्या शहरात कितीतरी माणसांची घरे याहून कमी हुशारीवर चालतात.

तो एका संस्थेत नोकरीला होता. परराष्ट्र धोरणाचा विचार करणाऱ्या संस्था तिथे गल्लोगल्ली आहेत, त्यांतलीच ही एक. देणग्या देणारे धनवंत आणि त्या देणग्यांवर खुर्च्या अडवून बसलेले विद्वान, असा सगळा कारभार. आपल्या विचारांचे सरकार आले की ही मंडळी खुर्चीतून उठून मंत्रालयात जात आणि तिकडे घाण करून झाली की पुन्हा याच खुर्चीत येऊन बसत. जगात कुठला हुकूमशहा माजला आहे, त्याला कसा पाडायचा आणि पाडल्यावर तिथे लोकशाही कशी आपोआप उगवेल, हे ते सांगत. 'आपोआप' हा त्यांचा फार लाडका शब्द होता.

वॉरेन त्या विद्वानांत मोडत नव्हता. दोनचार लेख त्याच्या नावावर होते, पण त्याचे खरे काम बुधवारच्या व्याख्यानाचे. वक्ता ठरवायचा, पाहुण्यांना निमंत्रणे धाडायची, खुर्च्या मांडून घ्यायच्या आणि दारात प्रत्येकाच्या हातात जेवणाचा खोका द्यायचा. खोक्यात टर्कीचे सँडविच, वेफर्सची पुडी, एक सफरचंद आणि एक कुकी. युद्ध करावे की करू नये, याची चर्चा सँडविच खाता खाता होई. सफरचंद कुणी खात नसे.

मूळचा तो नेब्रास्काचा. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. व्हिएतनामच्या वेळी मुलांना सक्तीने सैन्यात ओढत, तेव्हा वॉरेन कॉलेजात होता आणि कॉलेजातल्यांना सूट होती. सूट संपत आली तेव्हा त्याने आणखी एका पदवीला नाव घातले. शेजारचा मुलगा गेला आणि पेटीतून परत आला. त्याच्याबद्दल वॉरेनने पुढे कधी तोंडातून अवाक्षर काढले नाही. मोठेपणी मात्र त्याला शौर्याचे भारी वेड लागले, अर्थात दुसऱ्याच्या. संस्थेत बहुतेकांचे असेच होते. सैन्यातून सुटताना कुणाचे पाय सपाट निघाले होते, कुणाचा प्रबंध अर्धा राहिला होता, आणि आता साठीच्या घरात आल्यावर त्या सगळ्यांनाच लढाईची हौस आली होती.

अकरा सप्टेंबरच्या सकाळी नदीपलीकडे लष्कराच्या मुख्यालयातून, पेंटागॉनमधून उठलेला काळा धूर वॉरेनने संस्थेच्या गच्चीवरून पाहिला. तो तिथेच कठड्याला धरून रडला. ते रडणे खरे होते, एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण धूर विरतो न विरतो तोच संस्थेतल्या थोरामोठ्यांनी भिंतीवर इराकचा नकाशा लावला. विमाने आदळवणारे इराकचे नव्हते. ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण इराकचे काम त्यांच्या मनात कधीपासून घोळत होते, आणि एवढे मोठे निमित्त पुन्हा मिळाले नसते.

वॉरेनची पहिली टाळी वाजली ती त्याच्या पुढच्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत. व्याख्यानाचा विषय होता बगदाद पडल्यावर येणारे नवे युग. वक्ता रंगात आला होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक निवृत्त कर्नल उठला. म्हातारा, कानाला यंत्र लावलेला.

"बगदाद आपण घेऊ, त्यात मला शंका नाही," तो म्हणाला. "पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या चौकात उभा कोण राहणार? किती माणसं लागतील? आणि किती वर्षं?"

वक्त्याने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. सभागृहात खोकण्याचे आवाज सुरू झाले. संस्थेचा प्रमुख बॉइड हॅलोरन पहिल्या रांगेत होता. उंच, पांढऱ्या केसांचा, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय ज्याला बोलता येत नसे असा. तो मान वळवून वॉरेनकडे बघू लागला, जणू वीज गेली असावी आणि फ्यूज वॉरेनने बघायचा असावा.

तिसऱ्या रांगेत एक तरुण सैनिक गणवेशात बसला होता. सुट्टीवर आला होता आणि मावशीने त्याला बरोबर आणले होते. वॉरेनची नजर त्याच्यावर गेली. तो पुढे झाला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "मंडळी, एक मिनिट. आपल्या सगळ्यांच्या वतीने जो उभा राहतो, तो आज आपल्यात बसलाय." आणि त्याने टाळी वाजवली.

सगळे उठले. त्या देशात गणवेशासाठी टाळी वाजली की बसून राहता येत नाही. जो बसतो त्याच्याकडे लोक निरखून बघतात. कर्नलही उठला. त्याला तर सगळ्यांच्या आधी उठणे भाग होते. टाळ्या थांबल्या तेव्हा दोन वाजायला आले होते, बॉइडने सर्वांचे आभार मानले आणि कर्नलचा प्रश्न खुर्च्यांखाली पडलेल्या वेफर्ससारखा झाडून निघाला.

"वॉरेन, मित्रा," बॉइड नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे तुला सुचलं कसं?"

"आपोआप," वॉरेन म्हणाला, आणि दोघे पोट धरून हसले.

तेव्हापासून पहिल्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची गणवेशासाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली. कधी छावणीतून कुणी येई, पुढे पुढे इस्पितळातून कुबड्या घेऊन येऊ लागले. प्रश्न अडचणीचा आला की वॉरेन त्या खुर्चीकडे हात करी आणि टाळी वाजवी. गणवेशातल्यांना खोक्यात दोन कुकीज द्यायच्या, असा नियमही त्यानेच केला. वर आपण फार मनाचे मोठे आहोत, असे त्याला वाटे.

नदीपलीकडे व्हर्जिनियात त्याचे घर होते. बायको ग्रेटा शाळेत नर्स होती, फुटलेले गुडघे आणि सुजलेले टॉन्सिल बघणारी. मुलगी एकच, इन्ग्रिड. संस्थेतले लोक शनिवारी जेवायला येत आणि ग्रेटाने भाजलेल्या कोंबडीवर ताव मारता मारता देश पाडत. आधी बगदाद, मग दमास्कस, मग तेहरान. पावसाळ्याआधी घराची कौले उतरवावीत इतक्या सहज. "किंमत मोजावी लागेलच," असे कुणीतरी गंभीरपणे म्हणे. त्यावर ग्रेटा बटाट्यांचे भांडे पुढे करत विचारी, "कुणाला?" आणि सगळे खो खो हसत. ग्रेटाचा हा प्रश्न त्यांच्यात विनोद म्हणून गाजला होता. ती मात्र कधीच हसत नसे.

इन्ग्रिड ताटल्या आणतानेताना हे सगळे ऐकत असे. ऐकत ऐकतच ती मोठी झाली. बापाचा एक लेख तिला फार आवडला होता. 'या पिढीला बोलावणे आले आहे', असे त्याचे नाव. स्वातंत्र्य फुकट मिळत नाही, दहशतीला घाबरून घरात बसणाऱ्यांना इतिहास विचारत नाही, वगैरे वगैरे. वॉरेनने तो एका दुपारी लिहून टाकला होता.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या संस्थेतल्या एकाही घरचे पोर त्या युद्धात नव्हते. कुणी बँकेत होते, कुणी वकिली शिकत होते, कुणी बापाच्याच ओळखीने दुसऱ्या संस्थेत चिकटले होते. हे कुणी बसून ठरवले नव्हते आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नव्हते. लेख लोकांच्या मुलांसाठी असतात, हे त्या घरांतल्या मुलांना दुधाबरोबर पाजलेले असे. वॉरेनची चूक एवढीच, की आपल्या घरात हे सांगायचे त्याच्याकडून राहून गेले.

युद्ध सुरू झाले त्याच वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, इन्ग्रिड कॉलेजातून घरी आली. वॉरेन स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत उभा होता.

"डॅड, मी सही केली."

"कशावर? खोलीच्या भाड्यावर?"

"सैन्याच्या कागदांवर. जानेवारीत जायचंय."

सुरी त्याच्या हातात तशीच राहिली. "वेड लागलंय का तुला? आणि कॉलेज?"

"कॉलेज काय पळून जातंय?"

"अगं इन्ग्रिड, तिकडे जाणारी मुलं वेगळी असतात."

"वेगळी म्हणजे कशी?"

वॉरेनने सुरी खाली ठेवली.

"तूच लिहिलंयस ना, या पिढीला बोलावणं आलंय म्हणून?"

"ते मी... एकंदर पिढीबद्दल लिहिलं होतं, बाळा."

"मग मी काय तुझ्या पिढीतली आहे?" ती हसत म्हणाली. तिला खरोखरच गंमत वाटत होती. बाप मनातून खूश असणार आणि वरवर काळजी दाखवत असणार, अशी तिची समजूत होती.

ग्रेटा पाठमोरी भांडी विसळत होती. वळून न बघता ती म्हणाली, "सांग ना तिला, वॉरेन. वेगळी म्हणजे कशी ते सांग. मलाही ऐकायचंय."

त्याने सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो तडक बॉइडच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतले. "बॉइड, कुणाला तरी एक फोन कर. तुझी तिथे इतकी माणसं आहेत. तिला इथेच कुठल्यातरी टेबलावर बसवा, टपाल फोडायला बसवा. काहीही."

बॉइडचा चेहरा उजळला. "तुझी इन्ग्रिड? सैन्यात? अरे, मग फोन कसला करतोस! आपली पोरं कुठायत म्हणून ते टीकाकार रोज बोंबलत असतात. आता आपल्याकडे उत्तर आहे."

"ती उत्तर नाहीये, बॉइड. माझी मुलगी आहे."

"तेच तर!" खांद्यावर हात आला. "आणि समज, हे बाहेर फुटलं. लिंडक्विस्टने पोरीला टेबलाखाली लपवलं. आरशात तोंड बघू शकशील स्वतःचं?"

वॉरेन अगदी आरामात बघू शकला असता. पण ते बोलायची त्याची छाती झाली नाही.

त्याच बुधवारी बॉइडने व्यासपीठावरून जाहीर केले की आपल्यातल्या एकाने बोलून न थांबता पोटचे पोर दिले आहे. वॉरेन दाराशी खोक्यांच्या ढिगाजवळ उभा होता. सगळे सभागृह त्याच्याकडे वळून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. आजवर त्याने शेकडो टाळ्या वाजवून दिल्या होत्या, स्वतःसाठी ही पहिलीच वेळ. त्याचे कान तापले. लाज वाटायला हवी होती, त्याला आवडले. महिन्याभरात त्याला ज्येष्ठ अभ्यासक हे पद मिळाले आणि खिडकीची खोली मिळाली. नको म्हणता आले असते. त्याने म्हटले नाही.

इन्ग्रिड इराकला गेली तेव्हा बगदाद पडून बराच काळ झाला होता, लोकशाही काही आपोआप उगवली नव्हती आणि रस्त्यांत सुरुंग पेरलेले सापडत होते. तिचे काम मालाच्या ट्रकांना सोबत करायचे. पहिल्या गाडीच्या टपावर बंदुकीशी बसून जायचे आणि तसेच परत यायचे.

त्याच सुमारास संस्थेत अर्ल पेटीग्रू आला. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला, खाणीत काम केलेला माणूस. अंगात दुसऱ्याचा वाटावा असा कोट होता. व्याख्याने सर्वांना खुली असतात असे कुठेतरी वाचून तो बसने आला होता. प्रश्नांची वेळ होताच तो उठला. दोन्ही हातांनी त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती.

"माझा मुलगा ड्वेन तिकडे ट्रक चालवत होता," तो म्हणाला. "सुरुंग अडवायला ट्रकला खालून पत्रा नव्हता. त्या पोरांनी भंगारातून पत्रे आणून स्वतः ठोकले होते. मला एवढंच विचारायचंय की तुम्ही लोकांनी जेव्हा हे ठरवलंत, तेव्हा—"

वॉरेनने कोपऱ्याच्या खुर्चीकडे हातही केला नाही. तेवढी गरजच नव्हती. "ड्वेन पेटीग्रू," तो भरल्या गळ्याने म्हणाला, "आणि त्याचे वडील." टाळी वाजली. सभागृह उठले. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खरे पाणी होते, हाच त्यातला सर्वांत किळसवाणा भाग. अर्ल तोंड उघडे ठेवून तसाच उभा राहिला. मग लोक उभे आणि तो बसलेला असे झाले.

बाहेर पडताना त्याने वॉरेनला गाठले. "साहेब, माझं बोलणं संपलं नव्हतं."

"आम्ही सगळे तुमच्या दुःखात आहोत, मिस्टर पेटीग्रू."

"दुःखात नका येऊ. माझा प्रश्न राहिला."

वॉरेनने ढिगातला एक खोका उचलून अर्लच्या हातात दिला आणि म्हणाला, "लांबचा प्रवास आहे तुमचा. वाटेत होईल."

अर्लने खोक्याकडे बघितले, मग वॉरेनकडे बघितले. खोका त्याने परत ढिगावर ठेवला, नीट, कडा जुळवून, आणि जिना उतरून गेला.

इन्ग्रिडचा फोन रविवारी सकाळी येई. पहिले काही महिने ती हसतखिदळत बोले. मग हसणे कमी होत गेले. एका रविवारी ती म्हणाली, "डॅड, एक विचारू? चिडू नकोस."

"विचार की."

"काम संपलं, हे आम्ही कशावरून ओळखायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. आम्ही रस्ता मोकळा करतो. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तिथेच सुरुंग. एका गावात शाळा रंगवली, आता त्या गावात आम्हाला कुणी पाणी देत नाही. माझ्याखालच्या पोरी मला विचारतात, काय झालं म्हणजे घरी जायचं? मी काय सांगू? आमच्या कॅप्टनला विचारलं तर तो म्हणतो, वर विचारा. वर म्हणजे तुम्हीच लोक ना? एवढे हुशार येतात तुझ्याकडे बुधवारी. विचार ना त्यांना."

"विचारतो."

"नक्की?"

"नक्की, बाळा."

तो बुधवार आला. मंत्रालयातून परत आलेला एक बडा माणूस बोलत होता, रांगेत देणगीदार होते, बॉइड खुशीत होता. माईक वॉरेनच्याच हातात होता. नुसता तोंडाजवळ न्यायचा. त्याने तो एका सिनेटरच्या सचिवाच्या तोंडाजवळ नेला. पुढच्या बुधवारी विचारू, असे त्याने ठरवले.

"विचारलंस?" रविवारी इन्ग्रिडने पहिला प्रश्न केला.

"हो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, योग्य दिशेने चाललंय."

फोनवर खरखर आली. मग तिचा आवाज आला, थकलेला. "हे उत्तर नाहीये, डॅड. पुन्हा विचार."

"विचारतो," वॉरेन म्हणाला. ती नाताळला घरी येणार होती. तोवर ढकलत नेऊ, मग समोरासमोर तिची समजूत घालू, असा त्याचा हिशेब होता. त्या शहरात सगळे हिशेब असेच असतात.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी वॉरेन अंगणातली पाने ओढत होता. एक गाडी येऊन फाटकापाशी थांबली आणि तीतून गणवेशातले दोघे उतरले. पहिल्या रांगेसाठी बोलावलेले कुणी असावेत, असे त्याला क्षणभर वाटले. त्याने हात पुसून पुढे केलासुद्धा. त्या दोघांतल्या मोठ्याने आधी टोपी काढली आणि मग वॉरेनला कळले. त्याच रस्त्यावर, इन्ग्रिडच्या पहिल्या गाडीखाली सुरुंग फुटला होता.

दफन झाले. घडी घातलेला झेंडा ग्रेटाच्या मांडीवर ठेवला गेला. शेजाऱ्यांनी आणलेली भांडी धुऊन परत गेली. एका संध्याकाळी ग्रेटा स्वयंपाकघरात येऊन त्याच्यासमोर बसली.

"इन्ग्रिड मला म्हणाली होती, डॅडने विचारलं. उत्तर धड दिलं नाही त्यांनी, पण विचारलं तरी." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "खरंच विचारलं होतंस?"

खोटे बोलायला त्याने तोंड उघडले होते. पण ते निघेना.

"नाही," तो म्हणाला.

ग्रेटा ओरडली नाही, रडलीही नाही. "मग आता विचार," ती म्हणाली. "तेवढं तरी कर तिचं. आणि काय म्हणाले ते मला येऊन सांग. मला दुसरं काही नको तुझ्याकडून."

बॉइडने तोवर इन्ग्रिडच्या नावाने एक वार्षिक व्याख्यान सुरू करून टाकले होते. निमंत्रणावर तिचा गणवेशातला फोटो होता. ग्रेटाने निमंत्रण केराच्या डब्यात टाकले आणि आपण येणार नाही असे सांगितले. वॉरेन एकटाच गेला.

गाडी चालवताना तो एकच विचार करत होता. टाळ्यांचे वर्म त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? मुलगी म्हणायचे नाही. सैनिक म्हणायचे नाही. नाव घ्यायचे नाही, गळा दाटू द्यायचा नाही. टाळीला धरायला जागाच ठेवायची नाही. साधा प्रश्न, साध्या आवाजात, एखाद्या वार्ताहराने विचारावा तसा विचारायचा. मग त्यांना उत्तर द्यावेच लागेल.

वक्ता तोच होता, नवे युग सांगणारा. मधल्या काळात मंत्रालयात जाऊन आला होता, आता पुन्हा खुर्चीत होता आणि त्याचे केसही पिकले नव्हते. कल्पना बरोबर होती, अंमलबजावणीत थोडे कमी पडलो, असे तो म्हणाला. इराणचे काय करायचे ते त्याने नंतर सांगितले. कोपऱ्याच्या खुर्चीत कुबड्या घेतलेला एक मुलगा बसला होता. प्रश्नांची वेळ झाली आणि वॉरेनने हात वर केला.

माईक त्याच्यापर्यंत आला. "माझा एक साधा प्रश्न आहे," तो म्हणाला. आवाज ठीक लागला होता. "काम संपलं, हे कशावरून—"

"मंडळी!" पहिल्या रांगेतून बॉइड उठला होता. त्याचा आवाज भरून आला होता. "हे वॉरेन लिंडक्विस्ट. इन्ग्रिडचे वडील."

आणि त्याने टाळी वाजवली.

सभागृह उठले. खुर्च्या मागे सरकल्याचा तो आवाज वॉरेनला पाठ होता. "माझं बोलणं संपलं नाही," तो माईकमध्ये म्हणाला. "ऐका. एक मिनिट ऐका. माझं बोलणं संपलेलं नाही." कुणाला ऐकू गेले नाही. त्याने हात वर करून थांबा अशी खूण केली, तर लोकांना वाटले तो आभार मानतो आहे, आणि टाळ्या आणखी वाढल्या. कुबड्यावाला मुलगा धडपडत उभा राहत होता. दुसऱ्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. टाळ्या उतरू लागल्या की एखादा कोपरा त्यांना कसा पुन्हा चढवतो, हे वॉरेनला माहीत होते, आणि तो बघत होता, आणि बॉइड चढवत होता. त्याला वाटले की त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावी, एकेकाच्या, रांगेने. त्याच्या हातात फक्त माईक होता.

टाळ्या थांबल्या तेव्हा वेळ संपली होती. बॉइडने तसे सांगितले.

"सुंदर बोललास," तो खांद्यावर हात ठेवून वॉरेनला म्हणाला.

दारात नव्या कारकून बाईने वॉरेनच्या हातात खोका दिला. तो घेऊन तो घरी आला. ग्रेटा स्वयंपाकघरात वाट बघत बसली होती.

"विचारलंस?"

"विचारलं. अर्धं."

"काय म्हणाले?"

वॉरेन खोका टेबलावर ठेवून उभा राहिला. "उभे राहिले सगळे," तो म्हणाला.

ग्रेटाने खोका ओढून उघडला. सँडविच, वेफर्स, सफरचंद. "यात दोन कुकीज का?"

"गणवेशातल्यांना दोन देतो आम्ही," वॉरेन म्हणाला. "तिच्या वाटची असेल."

ग्रेटाने ती दुसरी कुकी उचलून पुन्हा खोक्यात ठेवली. मग तिने झाकण लावले आणि खोका त्याच्यापुढे सरकवला. "परत देऊन ये," ती म्हणाली. "आणि उत्तर घेतल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस."

तो गेला. सभागृह रिकामे होते, खुर्च्या घड्या घालून भिंतीला लावल्या होत्या. त्याने खोका उरलेल्या खोक्यांच्या ढिगावर ठेवला, कडा जुळवून. दुसऱ्या दिवशी खिडकीची खोली सोडली.

अजूनही बुधवारी तो संस्थेसमोरच्या पदपथावर दिसतो. आधी दाराजवळ उभा राहायचा, पण पहारेकऱ्याने हात जोडून पलीकडे उभे राहायला सांगितले, म्हणून पलीकडे. मंडळी बाहेर पडली की तो एकेकाला गाठतो आणि विचारतो, "काम संपलं, हे कशावरून ओळखायचं?" बॉइडलाही विचारतो. बाहेर रस्त्यावर टाळ्या वाजवायची पद्धत नाही, म्हणून ते घड्याळ बघतात, गाडी आली का बघतात आणि लगबगीने निघून जातात. एकदा एका जुन्या देणगीदाराने त्याला ओळखले आणि हातातला खोका देऊ केला. वॉरेनने तो घेतला नाही.

तो कुठेतरी भाड्याच्या खोलीत राहतो. घराचे कुलूप ग्रेटाने बदललेले नाही. उत्तर घेऊन तो केव्हाही येऊ शकतो.